मुंजीत मिळालेला चार्जर

हातात घेऊन, वजन बघून मालाची पारख करणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो, आणि त्यांत माझा नवरा पहिला.

"बघ, कसा दणदणीत आहे," मननने चार्जर तळहातावर झेलला. "मजबूत माल आहे, म्हणून तापतो थोडा. तू उगाच शंका काढतेस यार."

"मजबूत तुझं डोकं," मी म्हटलं आणि तो त्याच्या हातातून काढून घेतला.

अष्टमीची सुट्टी होती. नवरात्रात देवासला सुट्टी म्हणजे घरात बसायची शिक्षाच. टेकडीवर देवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची रांग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येते आणि स्पीकर पहाटेपासून सुरू असतात. मी इथल्या एका कारखान्यात अडॅप्टर तपासायचं काम करते, त्यामुळे घरातली कुठली वस्तू वेडीवाकडी वागली की माझे हात शिवशिवायला लागतात. या चार्जरला लावलेल्या फोनच्या कडेला बोट लागलं की झिणझिण्या यायच्या. दोन पिनांच्या बऱ्याच फास्ट चार्जरांत तशा बारीक झिणझिण्या येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण आज सकाळी माझ्या मनगटाला जे लागलं ते बारीक नव्हतं. मुंगी चावणं वेगळं आणि विंचू चावणं वेगळं, एवढं कळतं मला.

चार्जर फुकटात आलेला. उन्हाळ्यात मननच्या चुलतभावाच्या, मनावर गावच्या अर्पितच्या मुलाची मुंज झाली. स्टीलचे डबे सगळ्यांकडेच असतात, म्हणून त्या शहाण्याने घरटी एक फास्ट चार्जर वाटला. सगळ्या मंडळींनी काय कौतुक केलं त्याचं. मीपण केलं, तोंडदेखलं.

लोखंडी पकडीत धरून मी तो हळूहळू आवळला. सांध्यावर कट्कन आवाज झाला आणि प्लास्टिकचं टरफल सुटलं. आत करड्या रंगाची पुट्टी भरलेली. ती कोरून काढायला लागले तसा मननही चहाचा कप घेऊन जवळ येऊन बसला. नाही म्हटलं तरी त्याला हे बघायला आवडतं.

"डब्यावर गॅन लिहिलंय ना? तो नव्या जातीचा भाग असतो. भराभर चालतो, म्हणून आतली कॉइल एवढीशी पुरते आणि चार्जर छोटा होतो. इथे तो नाहीच. साधा जुना भाग बसवलाय. म्हणून तापतो."

"म्हणजे अर्पितला गंडवला."

"दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. आता हे बघ. ही बाजू भिंतीतल्या विजेची. दोनशे तीस व्होल्ट. ही बाजू फोनची. आणि मध्ये ही मोकळी पट्टी. तुझ्या आईचं सोवळं असतं ना, तसंच आहे हे. इकडच्याने तिकडच्याला शिवायचं नाही. कॉइलमधून फक्त लांबून देणं-घेणं. चार्जर कितीही छोटा करा, ही पट्टी सोडावीच लागते."

हे बोलता बोलताच माझ्या चिमट्याला काहीतरी टणक लागलं. पुट्टीखाली एक लोखंडाची पट्टी होती, बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठी. तिला ना तार, ना सोल्डर. कशालाच जोडलेली नव्हती.

"ही काय करते?" मननने विचारलं.

"वजन करते."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने कप खाली ठेवला.

कुणा मेल्याने चार्जर हाताला भारी लागावा म्हणून आत लोखंड कोंबलं होतं, आणि चिकटवलं होतं साध्या गोंदाने, जो गरम झाला की पाघळतो. महिनोन्महिने चार्जर तापला, गोंद पाघळला, पट्टी सरकली. तिचं एक टोक भिंतीच्या बाजूवर टेकलेलं. दुसरं टोक फोनच्या बाजूपासून केसभर लांब, आणि त्या केसभर जागेत काळा डाग. ठिणगी उडून गेल्याचा. सकाळी माझ्या मनगटाला चावलं ते हेच.

"अजून जरा सरकली असती तर?"

"तर फोनच्या कडेत भिंतीतली वीज. आणि गंमत म्हणजे फोन चालतच राहतो. रिंग वाजते, व्हिडिओ चालतो. कुणाला कळतसुद्धा नाही."

मनन हसला. म्हणजे हसायला गेला. "परवा माईपण तेच म्हणत होती. घट बसल्यापासून फोनला हात लावला की अंगात झिणझिण्या येतात म्हणे. यंदा देवीचं सान्निध्य आहे घरात, असं म्हणत होती."

माझ्या हातातला चिमटा टेबलावर पडला.

मुंजीत घरटी एक चार्जर मिळाला होता. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, धारला राहतात. माझे सासरे दत्तोपंत गेल्यापासून एकट्याच. ते त्यांचं वेगळं घर, म्हणून त्यांचा चार्जर वेगळा.

मननने खिशातून फोन काढला. त्याचा अंगठा माईच्या नावावर पोहोचला तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

"फोन करू नकोस."

"पागल झालीस का?"

"मनन, या वेळेला माई कुठे असतात?"

त्याला दिसलं, मला दिसलं होतं तेच.

माईंचं सोवळं म्हणजे काय चीज आहे हे त्या घरात सून होऊन गेल्याशिवाय कळणार नाही. नवरात्रात त्या न्हाऊन अंगावरच्या ओल्या लुगड्यानेच पूजेला बसतात. फरशीवर ओल्या पावलांची रांग असते. त्या सोवळ्यात असताना माझ्या पदराचं टोक जरी लागलं तरी पुन्हा आंघोळ. लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं मी त्या पावलांच्या रांगेपलीकडे उभी राहून त्यांच्याशी भांडले आहे. पण फोन मात्र सोवळ्यात चालतो. त्याचा निवाडा त्यांनी स्वतःच दिलेला. धातूला विटाळ नाही, तांब्याभांड्यांसारखाच तो. कव्हर तेवढं रेक्झिनचं, म्हणून पूजेआधी कव्हर काढून ठेवायचं आणि उघडा फोन देवघराच्या कोनाड्यात लावायचा. बॅटरी म्हातारी झाली आहे, म्हणून चार्जर लावूनच. त्यावर स्तोत्रं चालतात.

उघडी धातूची कड, ओलं लुगडं, ओली फरशी, अनवाणी पाय. आणि फोन वाजला की माई उठून घेणारच, कारण दत्तोपंत गेले तेव्हा दवाखान्यातून आलेला फोन त्यांच्याकडून राहून गेला होता. तेव्हापासून त्या एकही फोन सोडत नाहीत, सोवळ्यात असल्या तरी.

"पाटावर बसल्यात तोवर बऱ्या आहेत," मी म्हटलं. "लाकूड आहे. पाटावरून उठून फोनला हात लावला की..."

"अपेक्षा," मनन म्हणाला.

अपेक्षा माझी नणंद, बडोद्याला असते. नवरात्रात रोज आरतीच्या वेळी ती माईंना व्हिडिओ कॉल करते, घटाचं दर्शन घ्यायला. मननने तिला फोन लावला. तो ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"बिझी येतोय."

"दुसऱ्या नंबरवर लाव. नवऱ्याला लाव तिच्या. लावत राहा." मी माझा फोन घेतला. धारचं माणूस हवं होतं, माईंच्या घरापासून दोन पावलांवरचं. हंबीरराव. माईंचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. त्यांच्या पणजोबांना धारच्या दरबारात मान होता आणि तो मान हंबीररावांनी अजून खाली ठेवलेला नाही. गडकालिकेच्या दर्शनाला गेले नसू देत, एवढंच मी म्हणत होते.

उचलला एकदाचा.

"बोला सूनबाई. टेकडीवर काय गर्दी म्हणते यंदा? आमच्याकडे तर..."

"काका, ऐका. आत्ताच्या आत्ता माईंकडे जा. फोन चालू ठेवा, मी बोलत राहते. पळत जा."

बाकी काही असो, जुन्या घरातल्या माणसांना हुकूम कळतो. का म्हणून विचारलं नाही त्यांनी. चपला फटफटल्या, फाटक करकरलं. ते जाता जाता मी त्यांना सांगितलं: फोनमध्ये वीज उतरली असावी, माईंना त्याला हात लावू द्यायचा नाही. दाराला आतून कडी असणार. ओसरीवर मीटर आहे, त्याच्याखालचा मेन स्विच आधी पाडा.

खट्.

"पाडला बेटा."

आणि मागोमाग मला त्यांच्या फोनमधून एक बारीक पीं ऐकू आलं.

कपाळ माझं. इन्व्हर्टर. मागच्या दिवाळीत लाइट जाते म्हणून मननने तो हौसेने बसवून दिला होता, घराच्या आत, जिन्याखाली. मेन पडला की तो आपोआप सुरू होतो. देवघरातला प्लग त्याच्यावरच. आणि इन्व्हर्टरची वीज काही साधुसंत नसते.

"पंखा चालू आहे अजून," हंबीरराव म्हणाले.

"काका, मागच्या बोळात चला. देवघराची खिडकी. लवकर."

पुन्हा चपला. मननने मान हलवली, अपेक्षाचा अजून बिझी. मग हंबीररावांच्या फोनमधून स्तोत्राचा आवाज मोठा होत गेला. खिडकी आली होती.

"दिसतात का माई?"

"दिसताहेत. पाटावर आहेत. आरतीची तयारी करताहेत. फूल वाहताहेत घटाला." त्यांनी आवाज खाली घेतला होता, देवळात घेतात तसा.

तेवढ्यात स्तोत्र मध्येच तुटलं आणि रिंग वाजली.

व्हिडिओ कॉलची ती नाचरी रिंग. देवघरातून हंबीररावांच्या फोनमध्ये, तिथून माझ्या कानात. माझी पाचावर धारण बसली. इतका वेळ अपेक्षा दुसऱ्या कुणाशी बोलत होती, आणि आता तिने माईंना लावला होता. मनन तिचा नंबर पुन्हा पुन्हा दाबत होता आणि त्याच्या ओठांवर फक्त "अपू, उचल, अपू" एवढंच.

"सांगा त्यांना काका. हात लावू नका म्हणावं."

"माई," हंबीरराव खिडकीतून म्हणाले, "फोनला हात लावू नका. करंट आहे त्यात."

आतून माईंचा आवाज आला, शांत, थोडा हसरासुद्धा. "करंट नाही हो हंबीरराव. ती आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"उठल्या," हंबीरराव मला म्हणाले. "पाटावरून उठल्या, सूनबाई."

रिंग वाजतच होती. माईंना वीज सांगून उपयोग नव्हता. विजेला त्या देवी म्हणत होत्या, आणि देवीपासून हात मागे कोण घेईल? त्या क्षणी माझं सगळं शिक्षण, कारखान्यातलं ते टेबल, चिमटे, मीटर, सगळं कुचकामी होतं. माईंना थांबवणारी जगात एकच गोष्ट होती आणि तिच्याशी मी जन्मभर भांडत आले होते.

"काका, सांगा, फोनवर पाल पडली."

"काय?"

"पाल. फोनवर पाल पडली म्हणा."

"घटासमोर खोटं बोलू?"

"पाप माझ्या माथी. म्हणा."

एक श्वास मला ऐकू आला. मग हंबीररावांचा आवाज, दरबारी, खणखणीत. "माई, थांबा. पाल पडली. तुमच्या फोनवरच पडली, मी पाहिली."

त्यानंतर काही नाही. नुसती रिंग. मी डोळे मिटून घेतले. टेकडीवरचे स्पीकर, रस्त्यावरची माणसं, सगळं चालू असणार, पण मला त्या रिंगशिवाय काही ऐकू येत नव्हतं. आणि ती कुणी उचलली म्हणून बंद होते की आपसूक बंद होते, हे मला इथून कळणार नव्हतं.

ती बंद झाली.

"शी," माईंचा आवाज आला. "शिवशिव. अगदी बोट लागणार होतं हो. आता हा फोन धुतल्याशिवाय घ्यायचा नाही."

"नाही लावला हात," मी मननला म्हटलं.

पुढचं हंबीररावांनी एकट्याने निभावलं. एकदा खोटं बोलायचं ठरवल्यावर त्यांना चांगलंच जमायला लागलं होतं. पाल कोनाड्याच्या मागे गेली आहे, परत खाली उतरेल, तुम्ही तिकडे जाऊ नका, दार उघडा, मी काढतो, असं म्हणून त्यांनी माईंकडून कडी काढवून घेतली आणि जिन्याखाली जाऊन इन्व्हर्टर बंद केला. पंखा थांबल्याचं त्यांनी मला सांगितलं तेव्हा मनन भिंतीला कपाळ टेकून उभा होता.

लगेच निघालो. देवासातून बाहेर पडायलाच नाकी नऊ आले. इंदूर बायपास, घाटाबिल्लोद, मी गाडी चालवत होते आणि मनन शेजारी बसून मुंजीला आलेल्या एकेका घरी फोन करत होता. चार्जर काढा, आत्ता काढा, नाही, उद्या नाही. अर्पित रडकुंडीला आला होता. अपेक्षा तर फोनवर रडलीच.

धारला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. हंबीरराव ओसरीवर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले होते. माईंनी पुन्हा आंघोळ केली होती आणि पुन्हा ओल्या लुगड्याने पाटावर बसल्या होत्या, राहिलेली पूजा पुरी करायला. मला बघून नेहमीसारखं म्हणाल्या, "लांबूनच ये गं, सोवळ्यात आहे."

मी फरशीवरच्या ओल्या पावलांच्या अलीकडे थांबले. पावलं न ओलांडता, कडेने हात लांबवून कोनाड्यातला फोन आणि चार्जर कापडात धरून उचलला, ओसरीवर कोरड्या सतरंजीवर नेला, मेन चालू केला आणि चार्जर तिथल्या प्लगमध्ये लावला. फोन लगेच चार्ज व्हायला लागला, काही झालंच नसल्यासारखा. मग मी टेस्टरचं टोक त्याच्या कडेला टेकवलं.

टेस्टरमधला दिवा भक्कन पेटला. भिंतीतल्या प्लगात खुपसल्यावर पेटतो तेवढाच.

हंबीरराव खुर्चीवरून उठले. मननने तोंड फिरवलं. माईंना पाटावरून दारातून सगळं दिसत होतं. मी चार्जर काढला आणि तिथेच फोडला. माझ्या चार्जरातली पट्टी केसभर अलीकडे थांबली होती. याच्यातली पार टेकली होती.

"पाल नव्हती म्हणजे," माई म्हणाल्या.

"नव्हती, माई."

"हंबीरराव खोटं बोलले. आजवर कधी बोलले नव्हते."

"मी सांगितलं त्यांना."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं, निदान ओरडतील तरी. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आत जाऊन पुन्हा त्या पावलांपाशी उभी राहिले. समईच्या उजेडात त्यांचे हात मांडीवर उपडे पडले होते, पाण्याने सुरकुतलेले.

"म्हणजे तीपण नव्हती," त्या हळूच म्हणाल्या.

टेस्टर अजून माझ्या हातात होता.

"रोज सकाळी फोन लावायला हात घातला की यायच्या झिणझिण्या. पार कोपरापर्यंत." त्या आपल्या हाताकडे बघत होत्या. "हे गेल्यापासून मला कुणी शिवलं नाही गं. सोवळ्याची बाई, कोण शिवणार? मला वाटलं, कुणीतरी हात धरतंय."

मी टेस्टर खाली ठेवला. ओल्या पावलांची रांग ओलांडून पुढे गेले, पाटाशी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. तो थंडगार होता.

"अगं, शिवलीस," माई म्हणाल्या.

"हो."

आता पुन्हा आंघोळ करावी लागणार, पूजा पुन्हा पहिल्यापासून, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. हात त्यांनी काढून घेतला नाही.

"थोड्या वेळाने करते आंघोळ," त्या म्हणाल्या. "बस जरा."